पाकिटावरचा मजकूर

पत्र दोन ठिकाणीं लिहिलेलें असतें: एक आंतल्या कागदावर व दुसरें पाकिटावर. आंतला मजकूर परक्यानें वाचूं नये, याविषयीं आपण सारेच मोठे दक्ष असतों. पाकिटावरचा मजकूर मात्र चार लोकांनीं वाचला तरी आपणांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. पत्र कोणास गेलें, कोठून निघालें, त्यावर कोणत्या तारखेचा शिक्का बसला, यांत लपविण्यासारखें तें काय, असें आपण म्हणतों. प्रस्तुत लेखांत हाच समज तपासून पाहण्याचा हेतु आहे. कारण आज आपल्या घरांतील लहानथोर मंडळी मोबाईलवरून दिवसाकाठीं जे असंख्य निरोप पाठवितात, त्या प्रत्येक निरोपालाहि असेंच एक पाकीट असतें. आणि पुष्कळ वेळां आंतल्या कागदापेक्षां हें पाकीटच अधिक बोलतें.

आंतल्या कागदाची व्यवस्था गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ सुधारली आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. सन १९७६ मध्यें डिफी व हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनीं एक विलक्षण युक्ति प्रसिद्ध केली. पूर्वीं कधींहि न भेटलेलीं दोन माणसें सर्वांदेखत बोलूनहि आपसांत एक गुप्त किल्ली ठरवूं शकतात आणि ऐकणाऱ्यांस ती कळत नाहीं, असें त्यांनीं गणिताच्या साह्यानें दाखवून दिलें. त्या पायावर पुढें उभारलेली पद्धति आज सिग्नल या ॲपांत वापरतात. व्हॉट्सॲपनेंहि तीच पद्धति एप्रिल २०१६ मध्यें आपल्या सर्व ग्राहकांना लागू केली. निरोप पाठविणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो; मधल्या वाटेवर तो नेणाऱ्या कंपनीसहि वाचतां येत नाहीं. टेलिग्रामच्या नेहमींच्या संभाषणास मात्र असें कुलूप नसतें. तेथें गुप्त संभाषणाची सोय मुद्दाम निवडली तरच तें लागतें. पुष्कळांचा याविषयीं गैरसमज आहे, म्हणून एवढा उल्लेख केला.

पण कुलूप लागलें तें आंतल्या कागदास. कोणीं, कोणास, केव्हां, किती वेळां, कोठून व केवढा निरोप पाठविला, ही माहिती त्या कुलपाबाहेरच राहते. जाणकार तिला मेटाडेटा म्हणतात. आपण तिला पाकिटावरचा मजकूर म्हणूं. तो किती बोलका असतो तें पाहा. समजा, एका घरांतून रात्रीं एक वाजतां डॉक्टरांना निरोप गेला, दहा मिनिटांनीं रुग्णवाहिकेला गेला, आणि पहाटे पांच वाजतां परगांवच्या नऊ नातलगांना एकापाठोपाठ एक निरोप गेले. यांतील एक अक्षरहि न वाचतां त्या घरीं काय घडलें असावें, हें शेजारचें पोरहि सांगेल.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं ८०० हून अधिक स्वयंसेवकांच्या फोनच्या नोंदी त्यांच्या संमतीनें तपासल्या व आपले निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केले. संभाषण त्यांनीं ऐकलें नव्हतें. कोणत्या क्रमांकाशीं केव्हां व किती वेळ बोलणें झालें, एवढेंच पाहिलें होतें. एका मनुष्याच्या नोंदींत हृद्रोगचिकित्सकांचा दवाखाना, एक वैद्यकीय प्रयोगशाळा, औषधांचें दुकान आणि हृदयाच्या ठोक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्राची मदतसेवा, इतके क्रमांक सांपडले. त्याला कोणता विकार आहे हें सांगण्यास मग वैद्य कशाला हवा? युद्धांतहि हीच विद्या कामीं आली आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथें जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडीत असत, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु कोणतें केंद्र कोणत्या केंद्राशीं किती वेळां बोलतें, एवढें पाहून शत्रुसैन्याची मांडणी ताडणारी मंडळीहि त्या कामीं नेमलेली होती, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. पुढें जून २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यानें फोडलेल्या कागदपत्रांवरून असें उघडकीस आलें कीं, अमेरिकन सरकार व्हेरायझन कंपनीकडून कोट्यवधि ग्राहकांच्या फोनच्या नोंदी रोजच्या रोज मागवून घेत असे. संभाषण ऐकत नाहीं, केवळ नोंदी घेतों, असा त्यावर खुलासा झाला. परंतु त्या देशाच्या दोन मोठ्या हेरसंस्थांचे प्रमुखपद पूर्वीं भूषविलेले मायकेल हेडन यांनीं २०१४ सालीं एका जाहीर चर्चेंत, अशा नोंदींच्या आधारें आम्ही माणसें मारतों, असें स्वतःच बोलून दाखविलें. ज्या नोंदींवर मनुष्याच्या जीवनमरणाचा निर्णय होतो, त्यांना ‘केवळ’ म्हणणें कितपत योग्य आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

“आम्ही सामान्य माणसें, आमच्या पाकिटावर कोण डोळा ठेवणार?” असें कोणी विचारील. पण सामान्य माणसासच पाकिटाचें भय अधिक. कारखान्यांतील एखादा कामगार तेथील गैरप्रकार वार्ताहरास कळवितो; सासरीं छळ सोसणारी एखादी मुलगी मदतकेंद्राशीं संपर्क साधते; परीक्षेच्या दडपणानें खचलेला एखादा विद्यार्थी समुपदेशकास दोन ओळी लिहितो. या पत्रांत काय लिहिलें होतें, हें त्यांच्या वाईटावर असलेल्या माणसास कळण्याची गरजच नसते. पत्र कोणास गेलें, एवढें कळलें कीं कामगाराची नोकरी जाते, मुलीच्या हातचा फोन काढून घेतला जातो आणि विद्यार्थ्याची वर्गांत चेष्टा होते. आंतला कागद शाबूत राहून त्यांना काय लाभ झाला?

आतां दुसरी बाजू पाहूं. सन २०१६ मध्यें अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांतील एका संघीय ग्रँड ज्यूरीकडून सिग्नल चालविणाऱ्या संस्थेस हुकूम आला कीं, अमुक दोन फोन क्रमांकांविषयीं तुमच्याजवळ असलेली सर्व माहिती सादर करा. त्यांपैकीं एकच क्रमांक सिग्नलवर नोंदलेला होता. संस्थेनें हुकूम मोडला नाहीं, कीं कांहीं दडवूनहि ठेवलें नाहीं. होतें तेवढें सर्व दिलें. तें काय होतें? खातें केव्हां उघडलें, आणि तें सेवेशीं शेवटचें कोणत्या दिवशीं जोडलें गेलें, या दोन नोंदी. मित्रांचीं नांवें नाहींत, गटांची यादी नाहीं, कोणास केव्हां लिहिलें याचा हिशेब नाहीं. सन २०२१ मध्यें कॅलिफोर्नियांतून असाच हुकूम आला, तेव्हांहि उत्तर तेंच होतें. या प्रसंगाचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. जें जमविलेंच नाहीं तें चोरास नेतां येत नाहीं, व्यापाऱ्यास विकतां येत नाहीं, आणि सत्ताधाऱ्यासहि मागून घेतां येत नाहीं.

न जमविण्याचें हें व्रत पाळावयाचें तर नुसती सद्बुद्धि पुरत नाहीं. यंत्राची रचनाच तशी असावी लागते. पाकिटावर घेणाऱ्याचा पत्ता हवाच, नाहींतर पत्र पोहोंचणार कसें? पण पाठविणाऱ्याचें नांव बाहेर लिहिण्याची काय गरज? या विचारानें सिग्नलनें ऑक्टोबर २०१८ मध्यें पाठविणाऱ्याचें नांव पाकिटाच्या आंत नेऊन ठेवण्याची पद्धति जाहीर केली. पाठविणाऱ्याजवळ आपल्या ओळखीचा, संस्थेनें दिलेला, अल्प मुदतीचा दाखला असतो. तोहि आंतल्या कागदासोबतच कुलूपबंद होतो. त्यामुळें ओळखीच्या माणसांमधील असें पत्र नेणाऱ्यास तें कोणास द्यावयाचें हें कळतें, परंतु तें कोणीं दिलें हें त्यावर लिहिलेलें नसतें.

दुसरा प्रश्न ओळखीच्या माणसांच्या यादीचा. नवें ॲप घेतलें कीं आपल्या ओळखीचें तेथें कोण कोण आहे, हें आपणांस पाहावयाचें असतें. त्यासाठीं फोनमधील सर्व क्रमांक कंपनीच्या हवालीं केले, तर आपल्या आप्तेष्टांची वहीच तिला दिल्यासारखें होतें. क्रमांकांचें सांकेतिक रूपांतर करून पाठविलें तरी भागत नाहीं. भारतांतील मोबाईल क्रमांक दहा आंकडी असून ६ ते ९ यांपैकीं एका आंकड्यानें सुरू होतात. म्हणजे ते फार झाले तर ४०० कोटि. माणसाला ही संख्या अफाट वाटली तरी संगणक ती एकेक करून तपासूं शकतो व मूळ क्रमांक शोधून काढतो. यासाठीं सिग्नलनें २०१७ पासून अशी योजना आरंभिली कीं, ही तुलना संगणकाच्या चिपमधील एका बंदिस्त कोठडींत व्हावी व यंत्राच्या मालकासहि आंत डोकावतां येऊं नये. त्याच संस्थेनें २०२४ सालीं वापरनांवाची सोय केली. आतां फोन क्रमांक न सांगतां परक्याशीं बोलतां येतें. नोंदणीसाठीं मात्र तेथें क्रमांक द्यावाच लागतो. स्वित्झर्लंडमध्यें २०१२ सालीं निघालेल्या थ्रीमा या ॲपांत क्रमांकाची सक्तीच नाहीं. तेथें आठ अक्षरांची एक खूण हीच मनुष्याची ओळख असते.

तिसरा प्रश्न वाटेचा. प्रत्येक फोन जाळ्याला जोडला कीं त्याला एक पत्ता मिळतो, आणि त्यावरून तो कोठून बोलतो याचा माग लागूं शकतो. यावर डेव्हिड चॉम यानें १९८१ सालींच तोड सुचविली होती: पाकिटांत पाकीट व त्यांत आणखी एक पाकीट घालावें, आणि प्रत्येक टप्प्यावरील माणसानें एकच वेष्टण काढून पुढच्यास द्यावें. पहिल्यास शेवटचा ठाऊक नाहीं, शेवटच्यास पहिला ठाऊक नाहीं. टॉर नांवाचें जाळें याच तत्त्वाच्या आधारें असे तीन टप्पे घेतें, आणि ब्रायर हें ॲप त्याच जाळ्याचा उपयोग करतें.

हे उपाय परिपूर्ण आहेत, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. पाठविणाऱ्याचें नांव झांकलें तरी पोंचपावत्यांच्या येण्याजाण्याचा क्रम पाहून दोन माणसांचा संबंध जुळवितां येतो, असें २०२१ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. चिपमधील बंदिस्त कोठडींतहि वेळोवेळीं फटी सांपडल्या आहेत. फोनवर वाजणारी सूचनेची घंटा ॲपल किंवा गूगल यांच्या यंत्रांतून येते, आणि त्या घंटांच्या नोंदीहि सरकारें मागतात, ही गोष्ट डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका सिनेटरांच्या पत्रामुळें बाहेर आली. शिवाय फोनच दुसऱ्याच्या हातीं गेला, तर कोणतेंहि कुलूप काय करणार? तथापि घराला कडी लावूनहि चोऱ्या होतात, म्हणून कोणी दार उघडें टाकून निजत नाहीं.

येथपर्यंत वाचल्यावर पालकांच्या मनांत एक रास्त शंका उभी राहिली असेल. “ओळख लपविणें म्हणजे लबाडांस रान मोकळें करून देणें नव्हे काय? निनावी माणसेंच तर आमच्या मुलांना फसवितात!” या शंकेस टाळून पुढें जाणें बरें नव्हे. माझें म्हणणें असें कीं, येथें दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पत्र वाहणाऱ्यापासून नांव राखणें ही एक गोष्ट, आणि पत्र वाचणाऱ्यापासून नांव लपविणें ही अगदीं दुसरी. पाकिटाच्या आंत नेलेलें नांव वाहकास दिसत नाहीं. पण पाकीट फोडतांच वाचकास तें दाखल्यासह दिसतें. आजीला लिहिलेल्या पत्राखालीं नातू आपली सही करतोच. ती सही पोस्टमननें वहींत टिपून ठेवावी, असें कोणी म्हणत नाहीं. वाहकास अज्ञात आणि वाचकास ज्ञात, हाच सभ्य पत्रव्यवहाराचा जुना नियम आहे. उलट जो मनुष्य वाचणाऱ्यापासूनच तोंड लपवितो, त्याच्याविषयीं संशय बाळगणें हें शहाणपण होय. वापरनांवाच्या सोयीला ही दुसरी बाजू आहे: आपला क्रमांक परक्यास दिसत नाहीं, तसा परक्याचाहि आपणांस दिसत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, अनोळखी नांवानें आलेल्या निरोपास उत्तर देऊं नये. तो वडील माणसांस दाखवावा. कुलूप वाहकासाठीं असतें. पत्र ज्याला आलें त्यानें तें आईवडिलांस, शिक्षकांस किंवा पोलिसांस दाखविण्यास कोणतेंहि कुलूप आड येत नाहीं.

याहून गंभीर आक्षेप समाजाच्या सुरक्षिततेचा आहे. दिनांक १ जुलै २०१८ रोजीं आपल्या महाराष्ट्रांत, धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेपायीं जमावानें भिक्षेकरी समाजांतील पांच निरपराध माणसांचे प्राण घेतले. तें स्मरून आजहि मन विषण्ण होतें. अशी अफवा प्रथम कोणीं उठविली हें शोधतां यावें, म्हणून २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, गंभीर गुन्ह्यांच्या बाबतींत, मोठ्या निरोपसेवांनीं मूळ प्रेषकाचा शोध देण्याची व्यवस्था ठेवावी असें कलम घालण्यांत आलें. आणि व्हॉट्सॲपनें त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यास दिल्ली उच्च न्यायालयांत आव्हान दिलें. कलमामागील हेतु वाईट आहे, असें मी म्हणणार नाहीं. पण कोणता निरोप उद्यां गुन्ह्याचा ठरेल हें आज कोणासच ठाऊक नसतें. म्हणून एकाचा माग लागावा यासाठीं कोट्यवधि निरपराधांच्या प्रत्येक पत्रावर आधींच खूण करून ठेवावी लागते. शिवाय राईनपाड्याच्या त्या पांच जणांना अफवेचा जनक नंतर सांपडल्यानें जीवदान मिळालें नसतें; अफवा मंदावली असती तर कदाचित् मिळालें असतें. त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी केली, आणि एप्रिल २०२० मध्यें फार वेळां फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असें केलें. हा उपाय पत्र न उघडतां व पाठविणाऱ्याची नोंद न ठेवतां झाला. शोध घेण्याचे जुने मार्गहि पोलिसांना मोकळेच आहेत: ज्याला निरोप आला त्यास विचारावें, आणि त्याला तो कोणीं धाडला याचा माग माणसामागून माणूस असा घ्यावा. हा मार्ग कष्टाचा आहे खरा. पण त्यांत संशयिताचीच झडती होते, साऱ्या गांवाची होत नाहीं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्क कागदावर आला. तो रोजच्या व्यवहारांत उतरविणें आपल्या हातीं आहे.

आतां घरांतील गोष्ट. आईबाप मुलाला रोज विचारतात, “कोणाशीं बोलत होतास? इतक्या रात्रीं कोणाचा निरोप?” ही पाकिटावरच्या मजकुराचीच चौकशी नव्हे काय, असें एखादा चतुर विद्यार्थी मला विचारील. होय, तीच आहे. आणि ती करण्याचा अधिकार आईबापांस आहे. आई विचारते ती तोंडावर विचारते, मुलाच्या हितासाठीं विचारते, आणि चुकली तर त्याच घरांत मुलाला तोंड देते. कंपनी न विचारतां टिपते, स्वतःच्या लाभासाठीं टिपते, आणि तिला जाब विचारावा तर तिचें दार कोठें आहे हेंहि आपणांस ठाऊक नसतें. पालकांनीं मात्र आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखावी. लहान मुलाचें पाकीट पाहावें. मूल वाढूं लागलें कीं चोरून पाहणें सोडावें व उघडपणें विचारावें. विचारल्यावर मूल खरें सांगेल, असें घर निर्माण करणें कोणत्याहि ॲपाच्या हातचें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, नवें ॲप घेतांना तें सुंदर आहे कीं नाहीं, मित्रमंडळी त्यावर आहे कीं नाहीं, हें तुम्ही पाहतांच. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारण्याची संवय लावा: आंतला कागद कोण वाचूं शकतो, आणि पाकिटावर कोण काय टिपून ठेवतो? मागितली म्हणून फोनमधील सगळी यादी देऊं नका. तींत तुमच्याइतकाच तुमच्या मित्रांचाहि वांटा आहे. आणि तुम्हांपैकीं जे पुढें संगणकशास्त्र शिकून अशीं यंत्रें स्वतः घडवितील, त्यांनीं गरजेपेक्षां एकहि नोंद अधिक जमवूं नये, अशी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतों.